दहा वाव पाण्याच्या आत

मी बी.ए. झाले आणि मच्छीमारांच्या एका सहकारी संस्थेत कारकून म्हणून लागले. संस्थेची कचेरी मांडवी बंदराजवळ होती, एका खोलीची. बाहेरच्या ओसरीवर भिंतीला एक फळा होता. त्याच्या डाव्या बाजूला बर्फाचा आणि डिझेलचा भाव लिहिलेला असे. उजवी बाजू रिकामी होती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात अध्यक्षांनी ती माझ्याकडे सोपवली. "सरकारी कागद येतात आणि कपाटात जातात," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेल्या आहात. नवीन काय निघालंय ते आमच्या लोकांना कळेल असं लिहा."

आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. त्यामुळे ते काम मी जरा जास्तच मनावर घेतलं. त्या वर्षांत नवीन निघतही बरंच होतं. होड्यांची नोंदणी आली, परवाने आले. पुढे, दुकानदाराने फसवलं तर गिऱ्हाइकाला तक्रार करता येईल असा कायदा झाला, तोही मी फळ्यावर लिहिला. तेव्हा मासळी विकणाऱ्या एका मावशीने विचारलं, "आनी गिऱ्हाइकानं आमाला फसवलंन तर?" मी चार दिवस कागद चाळले आणि तसं काही लिहिलेलं नाही, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग अर्धाच कायदा हाय तो." मला असे प्रश्न आवडत. कागदावरचं एक वाक्य समुद्रावर किंवा बाजारात नेलं की त्याचं काय होतं, हे बघण्याची मला तिथेच सवय लागली.

त्यातला सगळ्यात मोठा कायदा समुद्रातल्या मासेमारीचा. ट्रॉलरची मोठी जाळी तळ खरवडत जातात आणि लहान होड्यांची जाळीही सोबत ओढून नेतात. म्हणून किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात ट्रॉलरने येऊ नये, असं सरकारने ठरवलं. मला आठवतं त्याप्रमाणे आमच्या पट्ट्यासाठी ही मर्यादा दहा वाव होती. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: दहा वाव पाण्याच्या आत ट्रॉलरला मनाई. खाली लिहिलं: कोणी आत आल्यास जागा व पाणी मोजून ठेवावे.

वाव म्हणजे काय हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नसे. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा बांधून पाण्यात सोडतात. तो तळाला टेकला की दोरी वर घेताना दोन्ही हात पसरून मोजतात. एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत एक वाव.

माझे थोरले काका आणि वडील एकाच होडीवर होते. होडी काकांची. वाडीत सगळे त्यांना आबा म्हणत. माणूस अंगाने लहान, अगदी आटोपशीर. होडीत उभे राहिले तरी बसल्यासारखे दिसतात, अशी त्यांची थट्टा चाले. मला कॉलेजात घालायचं की नाही यावर घरात बोलणं झालं, तेव्हा ते एकच वाक्य बोलले होते, "जाऊ दे तिला, होडीत तशी पण तिला कोन घेनार हाय?" आमच्याकडे बायका मासेमारीला होडीवर जात नसत. त्या वाक्याने मी कॉलेजात गेले. म्हणून पुढे जे झालं ते मला जास्त लागलं.

हिवाळ्यातल्या एका पौर्णिमेला दुपारच्या आत काका आणि वडील रिकाम्या होडीने परत आले. एका ट्रॉलरने त्यांची जाळी ओढून नेली होती. अर्धी तुटून गेली होती, उरलेली होडीत गोळा होऊन पडली होती. काका सरळ संस्थेत आले. हातात शिशाचा गोळा बांधलेली दोरी होती आणि दोरीला एका जागी गाठ.

"तू लिवलं होतंस तसं केलंय," ते म्हणाले. "जागा धरून ठेवलीय. दीपगृह आनी भाट्याच्या सुरूच्या बनाचं टोक एका रेषेत. पानी पन मोजलंय."

"किती भरलं?"

"नऊ."

मी तक्रार टाइप केली. तारीख, वेळ सकाळी सुमारे अकरा, जागा, आणि 'पाण्याची खोली नऊ वाव मोजली'. मला फार बरं वाटलं. फळ्यावर खडूने लिहिलेली ओळ पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडत होती.

काकांना नुकसानीचे पैसे मिळतील अशी आशा नव्हती, कायद्यात तशी सोयही मला दिसली नव्हती. त्यांना हवी होती ती जागा. त्यांच्या वडिलांपासून ते तिथे जाळी टाकत होते. ती जागा दहा वावांच्या बाहेरची ठरली असती तर ट्रॉलरला तिथे रोज यायची मोकळीक झाली असती, आणि जाळी टाकून वाट अडवली म्हणून दोष काकांकडेच आला असता. त्या पाण्यावर आमच्या वाडीच्या आणखी सात-आठ होड्या जगत होत्या.

चौकशीचा दिवस आला. मासेमारी खात्याचा एक अधिकारी ती घेणार होता. समोर ट्रॉलरच्या मालकाचे वकील आणि ट्रॉलरचा तांडेल, म्हणजे ट्रॉलर चालवणारा मुख्य माणूस, असे दोघे होते. तांडेल मूळचा हर्ण्याचा. उंच, रुंद छातीचा, सदा हसरा. उमेदीच्या वयात दोन हंगाम तो काकांच्याच होडीवर काम करत होता. पाणी मोजायला तो काकांकडूनच शिकला होता. आत येताना त्याने काकांना वाकून नमस्कार केला आणि जाऊन वकिलांशेजारी बसला.

जागेबद्दल वाद नव्हता. तांडेलाने तीच जागा सांगितली. वाद पाण्याचा होता. ते म्हणत, पाणी दहाच्या वर होतं.

वकिलांनी शांतपणे काकांना विचारलं, "तुम्ही स्वतः मोजलंत ना? दोरीवर किती वाव भरली?"

"साडेधा," काका म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पण तक्रारीत तर नऊ लिहिलं आहे."

"म्हंजे काय? दीड भरतीची सोडली."

खोलीत हसू पसरलं. वकिलांनी कागद अधिकाऱ्यापुढे सरकवला. "साहेब, मोजले साडेदहा आणि लिहिले नऊ. आणखी काय सांगायचं?"

काका गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. आपण काय चुकीचं बोललो हे त्यांना खरंच कळलं नव्हतं. अधिकारी भला माणूस होता. तो म्हणाला, "आम्ही जाऊन मोजलं असतं. पण कधी मोजायचं, भरतीला की ओहोटीला? आदेशात तेवढं लिहिलेलं नाही." त्याने आठ दिवसांनंतरची तारीख दिली आणि गाठीची दोरी पुरावा म्हणून ठेवून घेतली.

परत येताना वडिलांनी मला समजावून सांगितलं. पाणी किती, असं कोणी विचारलं की सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं पाणी सांगायचं, अशी दर्यावरची रीत. भरतीचं पाणी येतं आणि जातं, ते जागेचं नव्हे. म्हणून दोरीवर जे भरेल त्यातून त्या वेळची भरती मनातल्या मनात वजा करतात आणि उरेल ते सांगतात. वेळेवरून भरती कळते, आणि वेळ तिथीवरून. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा पंधरावी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे काकांनी दोरी सोडली तेव्हा भरती पुरती भरलेली होती, आणि उधाणाची होती. त्यांनी दीड वाव वजा केली.

"तू इचारलंस किती, त्यानी सांगितलंन," वडील म्हणाले.

हे सगळं मी ज्या घरात वाढले त्या घरात रोज चालत होतं आणि मला ठाऊक नव्हतं. मी होडीत कधी बसलेच नव्हते. पण विचारायला कोणी अडवलं नव्हतं. काका खरं बोलले होते, आणि मी टाइप केलेल्या 'मोजली' या एका शब्दाने त्यांना खोटं पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बंदराच्या कचेरीत गेले. तिथल्या वयस्क कारकुनांनी मला समुद्राचा नकाशा दाखवला. जमिनीच्या जागी जवळजवळ काही नव्हतं आणि पाण्यावर सगळीकडे बारीक आकडे होते. असा नकाशा मी पहिल्यांदाच बघत होते.

"हे आकडे कुठल्या वेळचे?" मी विचारलं.

"अगदी ओहोटीचे. पाणी त्याच्याखाली सहसा जात नाही."

"का?"

"भरवशाचं पाणी तेवढंच. बाकीचं वरचं."

मी त्यांना म्हटलं, आमचे काकाही असंच करतात. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग काका बरोबर करतात." आमची जागा नेमकी दोन आकड्यांच्या मध्ये येत होती, एक सात आणि एक अकरा. त्यामुळे नकाशाने निकाल लागण्यासारखा नव्हता. पण निघताना त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या काकांची वाव किती फुटांची? नकाशातली सहा फुटांची असते."

हा प्रश्न मला पडला नव्हता. तिथून मी कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. ग्रंथपालांनी मी विद्यार्थिनी नसतानाही मोठा इंग्रजी शब्दकोश उघडून दिला. तिथेही वाव, म्हणजे इंग्रजीतला फॅदम, सहा फूट. सरकारचा मूळ इंग्रजी आदेश संस्थेच्या कपाटात होता, त्यातलं माप हेच होतं.

संध्याकाळी मी शेजारच्या शिंप्याची मापाची फीत मागून आणली आणि वडिलांना अंगणात हात पसरून उभं केलं. पाच फूट सात इंच. मग शेजारचे आले. एक जण सहाला एक इंच कमी भरला आणि त्याने लगेच सगळ्यांकडून विडी मागितली. तासाभरात आमच्या अंगणात रांग लागली. दोन बायकांनीही हात पसरले.

"माझी लिव, पाच फूट."

"तुजी कशाला? तुला काय दर्या मोजायचाय?"

"घो मोजतोय तो बरोबर मोजतोय का बघाया नको?"

मी वहीत लिहीत गेले. कोणाचीही वाव दुसऱ्यासारखी नव्हती, आणि सहा फुटांची एकाचीही नव्हती. तरीही इतकी वर्षं कोणाचं अडलं नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या जागा आपापल्या हातांनी ओळखत होता. एकाच खडकाजवळचं पाणी वडील दहा सांगत आणि काका अकराच्या जवळ. दोघांनाही दुसऱ्याचं चूक वाटत नसे.

काका मात्र पायरीवर बसून होते. मी फीत घेऊन त्यांच्याजवळ गेले.

"मला नको."

"काका, उपयोग होईल."

"मापून घ्यायला मी काय कापड हाय?"

मी गणित सांगायला लागले. तुमची वाव लहान असेल तर साडेदहाही कायद्याच्या दहाच्या आतच येईल. भरती वजा करायचीसुद्धा गरज नाही. ते ऐकत होते, पण उठले नाहीत. जन्मभर त्यांच्या उंचीवरून लोक हसले होते आणि त्या दिवशी अख्खी वाडी अंगणात होती. "पानी उथळ हाय हे सांगाया मी ठेंगना हाय हे कागदावर लिवायचं?" ते म्हणाले. "तसं नको."

मी फीत गुंडाळली. पुढच्या सात दिवसांत मी दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा ते जाळ्याची गाठ बांधत राहिले. त्यांच्या मनाविरुद्ध त्यांचं माप चौकशीत बोलायचं नाही, असं मी ठरवलं. नकाशाची नक्कल, शब्दकोशातला उतारा आणि मूळ आदेश एवढंच घेऊन मी गेले.

अधिकाऱ्याने नकाशा नीट बघितला. "म्हणजे ओहोटीचं पाणी सांगणं ही काही यांची लबाडी नव्हे," तो म्हणाला. माझ्या छातीवरचं निम्मं ओझं उतरलं.

वकील म्हणाले, "ते नकाशात, साहेब. आदेशात ओहोटी हा शब्द नाही. ट्रॉलर गेला तेव्हा खाली पाणी किती होतं एवढंच बघायचं. ते त्यांच्याच तोंडून साडेदहा वाव आहे. आम्हाला ते मान्य आहे."

अधिकाऱ्याने इंग्रजी आदेशावरून नजर फिरवली. "वाव सहा फुटांची, असं या बाई दाखवतात. ते तुम्हालाही मान्य?"

"मान्य," वकील म्हणाले. "साडेदहा गुणिले सहा, त्रेसष्ट फूट. मर्यादा साठ फूट. तीन फूट बाहेर."

मी काकांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. आजही मला नक्की सांगता येत नाही की मी गप्प राहिले ते बरोबर केलं की नाही.

तेवढ्यात तांडेल हसला. मोठ्याने नव्हे, होडीवरचा माणूस हसतो तसा, नाकातून.

"काय झालं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"काय नाय साहेब. आबांची वाव सहा फुटांची म्हन्तायत म्हनून हसलो. दोन हंगाम मी त्यांच्या हाताखाली होतो. आमी पोरं म्हनायचो, आबांची वाव नि बाकीच्यांची पाऊन वाव सारकी. त्यांनी धा सांगितली की आमी नऊ समजायचो."

वकिलांनी त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघू लागला.

अधिकाऱ्याने काकांना विचारलं, "हे खरं आहे का?"

काकांनी मान वर केली. त्यांनी आधी तांडेलाकडे बघितलं. रागाने बघतील असं मला वाटलं होतं. "तू पंधरा म्हनायचास तवा मी तेरा समजायचो," ते त्याला म्हणाले. "आळशी व्हतास. हात पुरते पसरायचा नायस." मग उठले, चपला बाजूला काढल्या, भिंतीला पाठ लावली आणि दोन्ही हात पसरले.

शिपायाने कुठून तरी टेप आणली. एक टोक त्याने धरलं आणि दुसरं अधिकाऱ्याने स्वतः. काकांची बोटं ताणलेली होती, जितकी लांब जातील तितकी. ते माप आपल्या बाजूने कमी भरायला हवं होतं हे त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी अंग चोरलं नाही. पाच फूट दोन इंच भरलं. मग पुराव्याची दोरी आणून गाठीपर्यंत मोजली. चोपन्न फूट आणि वर थोडं.

"भर भरतीलासुद्धा साठच्या आत," अधिकारी म्हणाला आणि लिहायला बसला.

ट्रॉलर मर्यादेच्या आत आला होता असा निकाल लागला आणि त्याचा परवाना काही दिवस रोखला गेला. फाटलेल्या जाळ्यांबद्दल निकालात काही नव्हतं. ती काकांनी आणि वडिलांनी पुढचे दोन महिने बसून दुरुस्त केली. पण ती जागा दहा वावांच्या आतली, हे कागदावर आलं. वाडीतल्या बाकीच्या होड्यांनी त्या निकालाच्या नकला माझ्याकडून करून घेतल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून होडीत ठेवल्या. मी फळ्यावरची ओळ पुसून नव्याने लिहिली: दहा वाव म्हणजे साठ फूट. दोरीला गाठ मारून दोरी घेऊन यावे. आकडा इथे काढू.

तांडेल मला पुढे एकदा मासळीच्या लिलावात भेटला. त्या ट्रॉलरवरची नोकरी त्याने सोडली होती की गेली होती, ते मला कळलं नाही. मी त्याला विचारलं, "तुम्ही त्या दिवशी मुद्दाम बोललात का?"

"मी काय बोललो? मी हसलो," तो म्हणाला. "तुमच्या काकांना हसायला काय मुद्दाम लागतं?" आणि तो सुरमईच्या ढिगाकडे वळला. मी काकांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, "त्याला माप चांगलं कळायचं."

एक गोष्ट राहिली होती. दोरी सरकारजमा झाली होती. दोरी नवी मिळाली असती, पण तिच्या टोकाचा शिशाचा गोळा आजोबांनी ओतलेला होता. उसन्या गोळ्याने मोजताना तो हलका आहे असं काका वडिलांकडे म्हणत. मी अर्ज केला. या वेळी टाइप करण्याआधी काकांना शेजारी बसवलं आणि प्रत्येक ओळ विचारून लिहिली: गोळा कोणाचा, किती जुना, दोरी किती लांब, आणि लांबी कोणाच्या वावेने. तीन पत्रं गेली. पाचव्या महिन्यात शिपाई दोरी घेऊन संस्थेत आला. गाठीजवळ पुराव्याचा क्रमांक लिहिलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीने बांधलेली होती.

काकांनी ती काढली नाही. तशीच दोरी दर्यावर नेली. पुठ्ठा दोन दिवसांत विरघळून गेला. सुतळी मात्र मी बरीच वर्षं बघत होते, गाठीच्या शेजारी, मिठाने पांढरी पडलेली.